वस्ती कोणी आखली? शाळेत शिकवायच्या एका विषयाची पार्श्वभूमी

नाशिकच्या कुठल्याही शाळेतल्या दहावीच्या मुलाला विचारा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह त्याला ठाऊक असतो. २ मार्च १९३०, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, मंदिरप्रवेश. दोन मार्कांचा प्रश्न, चार ओळींचं उत्तर. त्या दिवशीच्या मिरवणुकीत सुमारे १५ हजार माणसं होती असं सांगतात. त्या दिवसानंतर ही माणसं परत कुठे गेली, हा प्रश्न मात्र पेपरात कधी येत नाही. बहुतेक जण आपापल्या गावच्या महारवाड्यात गेले, आणि सत्याग्रहाची किंमत तिथे चुकती करावी लागली. आसपासच्या गावांत त्यांच्यासाठी रस्ते बंद झाले, दुकानातून जिन्नस मिळेनासे झाले, पोरांच्या शाळा बंद पडल्या.

हे इतक्या झटपट जमलं, कारण वस्ती आधीपासूनच वेगळी होती. घरं मिसळलेली असती तर कोणाची वाट अडवायची हेच कळलं नसतं. काळारामाचा धडा मंदिरापाशी थांबतो, आणि ज्याच्यामुळे बहिष्कार शक्य होतो ती गोष्ट, म्हणजे घर कुठे असावं हे दुसऱ्याच कोणीतरी ठरवणं, शिकवायची राहून जाते. ती शिकवायची तर इतिहासाचं पुस्तक एकटं पुरत नाही, मराठीचंही पुरत नाही. नियम, वतन, करार हे इतिहासात सापडतात. दारात उभ्या माणसाला नाही म्हणताना काय बोललं जातं, ते साहित्यात सापडतं. दोन्ही शेजारी ठेवून वाचायला नाशिकइतकी सोयीची जागा कमी असेल.

सुरुवात गावकुसापासून करावी. त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गाव-गाडा' १९१५ मध्ये निघालं. अलुत्या-बलुत्यांचा व्यवहार त्यात बारकाईने मांडला आहे, तोही महसूल खात्यात वावरलेल्या माणसाच्या नजरेने. महारवाडा गावापासून हाकेच्या अंतरावर, पण कुसाबाहेर असायचा. हाकेच्या अंतरावर, कारण वतनाची कामं रात्री-अपरात्री पडत: सांगावा नेणं, सरकारी माणसाची वर्दी देणं, मेलेलं जनावर ओढणं. कुसाबाहेर का, ते सांगायला नको. म्हणजे घराची जागा आणि माणसाचं काम एकाच गाठीने बांधलेलं होतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं बिल आणलं ते ही गाठ सोडवण्यासाठीच. वतन कायद्याने संपायला मात्र १९५८ उजाडलं. अस्पृश्य गावाबाहेर का राहतात, या एका प्रश्नाभोवती त्यांनी १९४८ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातलं उत्तर सगळ्या अभ्यासकांना पटलेलं नाही, आणि नववीच्या मुलांना ते पटवायची गरजही नाही. प्रश्न विचारता येतो हेच त्या वयात पुष्कळ.

अस्पृश्य आणि आदिवासींची स्थिती तपासायला मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचा अहवालही वर्गात चालतो. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९३० च्या त्या अहवालात बहिष्काराची रीत नोंदवलेली आहे: शेतावरून काढणं, वाट बंद करणं, गावच्या वाण्याने माल न देणं. याच साली नाशिकमध्ये सत्याग्रह चालू होता. सरकारी अहवालाची कोरडी भाषा आणि नाशिकजवळच्या गावांत तेव्हा घडत होतं ते, हे मुलांनी एकत्र वाचावं.

आता शहर. जुन्या नाशकात तांबट लेन आहे, कुंभारवाडा आहे, बोहोरपट्टी आहे, कोकणीपुरा आहे. धंद्याने आणि जमातीने वसलेल्या या गल्ल्या पाहून मुलं हमखास म्हणतात, "मग सगळेच वेगवेगळे राहायचे की!" शंका रास्त आहे, झटकून टाकू नये. तांबट एका गल्लीत राहिले कारण भट्टी, भांडी आणि गिऱ्हाईक तिथे होतं. ऐपत आली की त्याने सराफ बाजारात किंवा गोदेपलीकडे घर घेतलं तर कोणी काठ्या घेऊन येत नव्हतं. एकत्र राहणं आणि बाहेर पडू न देणं यात फरक आहे, आणि या विषयाचा अर्धा भाग तो फरक ओळखण्यातच आहे. बाजू आणखी गुंतागुंतीची करायची तर १९४२ ची नागपूरची परिषद काढावी. तिथे दलितांनी स्वतःच स्वतंत्र गावांची मागणी केली होती. वेगळी वस्तीच, पण वतनाच्या आणि गावाच्या दाबाबाहेर, स्वतःच्या मर्जीने.

शरणपूर रोडवरून रोज जाणाऱ्या नाशिककरांना शरणपूरची गोष्ट क्वचितच माहीत असते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने शहराबाहेर ही ख्रिस्ती वस्ती उभारली. धर्म बदलला की गावात राहणं अवघड होई, म्हणून वेगळं गाव. पुढे इथे आफ्रिकन मुलं आली. गुलामांचा व्यापार करणारी गलबतं ब्रिटिश आरमाराने समुद्रात पकडली, त्यांवरून सुटलेली ही पोरं मुंबईमार्गे नाशिकला पोचली आणि इथे सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. आफ्रिकेत फिरलेला इंग्रजी प्रवासी-मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेलेला जेकब वेनराइट याच शाळेतला. १८७४ नंतर यांतले बरेच जण मोम्बासाजवळच्या फ्रीअरटाउनमध्ये गेले. ती वस्तीही सुटलेल्या गुलामांसाठी मुद्दाम वसवलेली. विषयाला हे जरा आडवाटेचं आहे, कबूल. पण 'काळ्या लोकांचा इतिहास आपल्याला कशाला' असं कोणी म्हटलं तर नाशिकच्या शिक्षकाला फार लांब जावं लागत नाही. पुण्यात त्याच सुमारास, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामगिरी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ मध्ये दलित पँथरने नाव तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून घेतलं. हा धागा जुना आहे.

आता साहित्याकडे, आणि इथे थोडं थांबायला हवं. बाबुराव बागूल नाशिकचे. जन्म १९३० चा, विहितगावचा, म्हणजे सत्याग्रहाच्याच सालचा. त्यांची 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा १९६३ मध्ये त्याच नावाच्या संग्रहात आली. रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत गेलेला तरुण राहायला जागा शोधतो, जात लपवतो आणि ती उघड झाल्यावर मार खातो. नोकरी सरकारने दिली आहे, पगार मिळणार आहे, राज्यघटना लागू आहे. अडतं ते खोलीपाशी.

या कथेआधी बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव वाचावा. १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. परदेशातून शिकून आलेला अधिकारी, आणि उतरायला जागा नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. जागा संध्याकाळपर्यंत सोडायचं ठरलं, आणि मग ते दोन ओळखीच्या माणसांकडे गेले. एक हिंदू होता, त्याला वाईट वाटलं; पण तुम्ही आलात तर माझे नोकर सोडून जातील, म्हणाला. दुसरा ख्रिस्ती होता, त्याने बायकोला विचारावं लागेल असं सांगितलं; हे गोड शब्दांत टाळणं होतं, ते बाबासाहेबांना मागाहून कळलं. रात्रीच्या मुंबईच्या गाडीला वेळ होता, तोवर बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं, ते पुस्तकरूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झालं.

त्या दोन मित्रांची उत्तरं वर्गात पुन्हा पुन्हा वाचून घ्यावीत. दोघांपैकी एकानेही 'मला तुम्ही नको' असं म्हटलेलं नाही. अडचण नोकरांची, अडचण बायकोची. काठ्या घेऊन आलेले लोक मुलांना लगेच ओळखू येतात. हळहळत नाही म्हणणारा माणूस ओळखायला साहित्य लागतं. आज कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला खोली पाहायला गेलेल्या पोराला एजंट आधी आडनाव विचारतो, मग "नॉनव्हेज नाही ना?" विचारतो, आणि शेवटी म्हणतो, "माझं काही नाही हो, मालकांचं जरा तसं आहे." मालकाला गाठलं तर मालक म्हणतो, "सोसायटीत चालत नाही." सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, असा ठरावच नाही.

अमेरिकेतला इतिहास इथे उपयोगी पडतो, कारण ज्याच्यावर नकार ढकलला जातो तो 'तिसरा माणूस' तिथे कागदावर सापडतो. १९१७ मध्येच, बडोद्याच्याच वर्षी, तिथल्या सुप्रीम कोर्टाने लुईव्हिल शहराचा वंशावर वस्त्या वाटणारा नियम रद्द केला. मग काम खासगी करारांनी केलं. घराच्या खरेदीखतातच अट, की हे घर काळ्या माणसाला विकायचं किंवा भाड्याने द्यायचं नाही. १९३० च्या दशकात सरकारी होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने २०० हून जास्त शहरांचे नकाशे रंगवले: उत्तम भाग हिरवा, मग निळा, मग पिवळा, आणि कर्जाला धोक्याचा तो लाल. नकाशासोबतचा फॉर्म वर्गात दाखवण्यासारखा आहे. रहिवाशांचा धंदा काय, उत्पन्न किती, परदेशी जन्मलेले किती, या रकान्यांखाली 'निग्रो' असा एक रकाना, आणि त्याखाली 'कोणाची घुसखोरी होते आहे' असा दुसरा. आडनाव विचारणारा एजंट तोंडी विचारतो ते इथे सरकारी छापील फॉर्मवर आहे. नुसत्या नकाशावर सगळं खापर फोडू नये. घरकर्जाला हमी देणारी फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन आपल्या नियमावलीत अशा वंशाच्या अटींची शिफारस करत होती, आणि गोऱ्या कुटुंबांना उपनगरात घरं मिळाली ती त्या हमीवर.

शिकागोत १९३७ मध्ये कार्ल हॅन्सबेरी यांनी असा करार असलेल्या भागात घर घेतलं. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, १९४० मध्ये ते जिंकले, पण तांत्रिक मुद्द्यावर. असे करार कोर्टांनी अमलात आणू नयेत हा निकाल यायला १९४८ साल लागलं, आणि घरांच्या व्यवहारातल्या भेदभावाविरुद्धचा कायदा एप्रिल १९६८ मध्ये झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर आठवड्याभरात. त्या घरातली मुलगी लोरेन हॅन्सबेरी. तिचं नाटक १९५९ मध्ये ब्रॉडवेवर आलं आणि आज अमेरिकेतल्या हायस्कुलांत ते सर्रास नेमलेलं असतं. त्यात नव्या वस्तीतून एक गोरा गृहस्थ येतो. आवाज चढवत नाही, शिवी देत नाही. रहिवाशांच्या संघटनेच्या वतीने घर जास्त पैसे देऊन परत घ्यायची तयारी दाखवतो, आणि यात वंशद्वेष अजिबात नाही असं आवर्जून सांगतो. बडोद्याचे दोन मित्र वाचून झालेल्या मुलांना हा गृहस्थ समजावून सांगावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या नाशिकची गोष्ट मात्र सरळ रेषेत जात नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, ओझरच्या एचएएलमध्ये, सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत नोकऱ्या आल्या. सरकारी क्वार्टर ग्रेडवर मिळतं, जातीवर नाही. एकाच जिन्यावर वेगवेगळ्या जातींची बिऱ्हाडं नांदली ती अशा कॉलन्यांत. सिडकोच्या योजनांत घरं उत्पन्नगटावर निघाली. तिथे वर्गाची भिंत राहिली, जातीची बरीच खाली आली असं माझं मत आहे. खासगी बिल्डर आणि सहकारी सोसायट्या आल्यावर ती पुन्हा दुसऱ्या वाटेने आली. सुखदेव थोरात आणि सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात भाड्याच्या घरांसाठी वेगवेगळ्या नावांनी फोन करून केलेली पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. उच्चवर्णीय नावाला नकार मिळाला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के वेळा आणि मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के वेळा थेट नकार मिळाला. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. पाट्या बदलल्या, घरं होती तिथेच आहेत.

वर्गात हे घेताना एक पथ्य पाळावं. फुलेनगर किंवा मल्हारखानच्या पोराला उभं करून 'तू सांग तुझा अनुभव' म्हणू नये. तो आपणहून बोलला तर गोष्ट वेगळी. त्यापेक्षा सगळ्यांनी मिळून नकाशा करावा: कोणत्या भागात नळाला पाणी किती वाजता येतं, सिटीबसचा थांबा किती लांब, घंटागाडी रोज येते का, मैदान आहे का. आडनावं नकोत. नकाशा भरला की मुलं स्वतःच हिरवा-लाल रंग मागतात.

आणि एक प्रश्न हमखास येतो: "सर, हे कायदेशीर आहे का?" त्याची तयारी करून जावं, कारण उत्तर एका शब्दात देता येत नाही. १९५५ च्या कायद्याचं, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं, कलम ४ अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला आडकाठी करणं गुन्हा ठरवतं. अनुसूचित जातीच्या माणसाला आडकाठी झाली तर ती त्याच कारणाने झाली असं कोर्ट कलम १२ नुसार गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. मात्र आडकाठी झाली हे तरी सिद्ध करावं लागतं, आणि तोंडी सांगितलेल्या "मालकांचं जरा तसं आहे"ला पुरावा नसतो. धर्मावरून खोली नाकारलेल्या भाडेकरूच्या मदतीला असं थेट कलम नाही. उलट २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने फक्त पारशांना सभासद करून घेण्याचा पोटनियम वैध ठरवला. सहकारी संस्था म्हणजे सरकार नव्हे, तिच्या पोटनियमांना मूलभूत हक्कांची कसोटी थेट लावता येत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. १९५५ चं कलम आणि २००५ चा निकाल, दोन्ही फळ्यावर लिहावेत. त्यावर वर्गात भांडण होतं, आणि त्यासाठी एक जोडतास राखून ठेवावा लागतो.