ओझचा हिरवा: रंगवलेला आणि चष्म्यातला

उन्हाळी सुट्टी लागली की दादर-पार्ल्याच्या बालनाट्य शिबिरांत कुणीतरी ‘द विझर्ड ऑफ ओझ’ बसवतं, म्हणजे वादळाने कॅन्ससहून ओझच्या जादुई मुलखात जाऊन पडलेल्या डोरोथीची गोष्ट, आणि तिथल्या जादूगाराच्या पाचूनगरीचा पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा होतो. ‘पुस्तकात तसंच आहे ना!’ नाही हो, तसं सिनेमात आहे. १९३९ चा तो सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला असतो, त्यामुळे तपकिरी कॅन्सस आणि दार उघडताच उसळणारे रंग मी सांगत बसत नाही. एल. फ्रँक बॉमचं पुस्तक १९०० चं. त्यात कॅन्सस करडं आहे आणि डोरोथीचे बूट चांदीचे. माणकांचे सिनेमाने केले. हे विसरलात तरी फारसं बिघडत नाही.

बिघडतं ते हिरव्यापाशी.

पुस्तकात ओझच्या मुलखागणिक रंग आहे. मंचकिन लोकांची घरं, कुंपणं, कपडे सगळं निळं, विंकी लोकांचं पिवळं. हा रंग लोकांनी भिंतींना लावलेला, अंगावर घातलेला. पाचूनगरीच्या वाटेवरची घरंही अशीच हिरवी रंगवलेली, आणि नगरीचा तटही बाहेरून हिरवागार. इथवर डोरोथी उघड्या डोळ्यांनी बघते आहे. वेशीवर मात्र द्वारपाल सगळ्यांना, अगदी टोटो कुत्र्यालासुद्धा, हिरव्या काचांचे चष्मे चढवतो आणि वर किल्लीने कुलूप घालतो. का, तर म्हणे नगरीच्या झळाळीने डोळे जातील! आतला हिरवा तो हा. इमारतीला दुरुस्तीची हिरवी जाळी लागली की घरातल्या पांढऱ्या भिंती हिरवट दिसतात, तसा. पुढे जादूगार स्वतःच सांगून टाकतो की हे शहर इतर शहरांपेक्षा जास्त हिरवं नाहीच.

आणि त्याआधीच बॉमने पुरावा ठेवलेला आहे. महालात चढवलेला रेशमी झगा डोरोथीला वेशीबाहेर, चष्मा उतरल्यावर, पांढराशुभ्र दिसतो. टोटोच्या गळ्यातली हिरवी रिबीनही पांढरी. बॉम तिथे कसलाही खुलासा करत नाही, पुढे चालू लागतो. हिरवा म्हणजे आशा, हिरवा म्हणजे निसर्ग असले अर्थ काढणारे नेमकं हेच पान गाळून वाचतात की काय, कोण जाणे. सिनेमाने चष्मेच काढून टाकले, त्यामुळे तिथलं शहर खरोखर हिरवं. दिसायला झकास, पण जादूगाराची सगळ्यात मोठी लबाडी गेली.

नाटक पुस्तकावरून करणार असाल तर तटापर्यंतचा देखावा खुशाल हिरवा रंगवा. आतलं शहर पांढरं ठेवा, आणि दारावर प्रेक्षक पोरांना हिरव्या जिलेटिन कागदाचे चष्मे वाटा.