व्यासंग

व्यासंग (पुल्लिंगी नाम) : एखाद्या विषयाला वर्षानुवर्षे चिकटून राहून, बहुधा परीक्षेची वा पदवीची गरज नसताना, केलेला अभ्यास. असा अभ्यास असलेली व्यक्ती ‘व्यासंगी’.

शब्द संस्कृत असून तो वि + आ + सञ्ज् (चिकटणे, आसक्त होणे) यांपासून बनला आहे. महर्षी व्यासांशी त्याचा संबंध नाही; ‘व्यास’ची व्युत्पत्ती वेगळी. संस्कृतात व्यासंग म्हणजे अतिशय आसक्ती, मग ती कशाचीही असो. न्यायशास्त्रात, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात, तर मन एका विषयात गुंतल्यामुळे दुसऱ्याचे भान न राहणे, यालाही व्यासंग म्हणतात. मराठीने हा शब्द विद्येकडे वळवला. जुगाराचे किंवा दारूचे व्यसन लागते, पण त्यांचा ‘व्यासंग’ कोणी म्हटला तर ती थट्टाच समजावी.

जवळच्या शब्दांशी ताडून पाहिले की अर्थ नेमका कळतो. ‘अभ्यास’ पहिलीतल्या मुलालाही असतो आणि तो संध्याकाळी संपतो. ‘अध्ययन’ हा शिक्षणशास्त्राचा आणि सरकारी परिपत्रकांचा शब्द. ‘विद्वत्ता’ हे फळ झाले. ‘पांडित्य’ला मात्र टोमण्याची किनार आली आहे, कारण ते पाजळता येते. व्यासंग पाजळता येत नाही. तो असतो, वाढतो, जोपासावा लागतो, आणि फार झाला तर ‘दांडगा’ म्हणवतो. ‘मी व्यासंगी आहे’ असे स्वतःविषयी सहसा कोणी म्हणत नाही. हे विशेषण इतरांनीच द्यायचे.

पां. वा. काणे यांचे उदाहरण येथे चपखल बसते. ते मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत. ‘व्यवहारमयूख’ या कायद्यावरील जुन्या संस्कृत ग्रंथाच्या संपादनासाठी धर्मशास्त्राच्या इतिहासाची प्रस्तावना लिहावी, एवढाच आरंभीचा बेत होता. त्या प्रस्तावनेतून ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पाच खंडांचा इंग्रजी ग्रंथ उभा राहिला. पहिला खंड 1930 साली निघाला, शेवटचा 1962 साली. एकूण पृष्ठे साडेसहा हजारांच्या आसपास. 1963 साली त्यांना भारतरत्न मिळाले.

व्यासंग ग्रंथांचाच असावा असे नाही. संगीताचा, नाण्यांचा, लोककथांचाही असतो. अलीकडे शोकसभेतील भाषणांत आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवर हा शब्द जरा सढळ हाताने वापरला जातो. चार लेख लिहिणाराही तेथे व्यासंगी ठरतो.