रिपोर्ट बाटलीचा, धोका विहिरीचा

तुळशी तलावाच्या बाजूने निघालेली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात असेपर्यंत बरी असते. वस्तीत शिरली की गोठ्यांतलं शेण आणि गटारांचं पाणी तिला येऊन मिळतं. मुंबईत अशा नदीकाठच्या विहिरी किंवा बोअरवेलचं पाणी सहसा वापरापुरतंच असतं. पण पालिकेचं पाणी कमी आलं की त्यातला एखादा हंडा स्वयंपाकघरात पोचायला वेळ लागत नाही.

‘लॅबचा रिपोर्ट ओके आहे,’ हे सोसायटीच्या सेक्रेटरींचं ठरलेलं उत्तर. रिपोर्ट खोटा नसतो, पण तो त्या दिवशी भरलेल्या एका बाटलीचा असतो. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, सापडता कामा नये. मे महिन्यात तो सापडला नाही, म्हणून जूनमधल्या पहिल्या पावसानंतर विहीर तशीच राहील हे कोणी सांगावं?

एरवी भूजल जमिनीतून नदीकडे झिरपतं. नदीला पूर आला, किंवा पंप तासन्‌तास चालवून विहिरीची पातळी नदीच्याही खाली गेली, की प्रवाह उलटा फिरतो आणि नदीच विहिरीत यायला लागते. मधे वाळूचा जाड थर असेल तर पाणी सावकाश गाळलं जातं. जर्मनीत विहिरीभोवतीचा संरक्षित पट्टा ठरवताना पाण्याला तिथवर पोचायला ५० दिवस लागतील एवढं अंतर धरतात. तेवढ्यात बहुतेक रोगजंतू मरतात. मुंबईच्या बऱ्याच भागाखाली मात्र काळा पाषाण आहे. त्यातून पाणी वाहतं ते भेगांमधून, आणि भेग काही गाळत नाही. नदी चाळीस पावलांवर आहे यापेक्षा मधे काय आहे, हे जास्त महत्त्वाचं.

म्हणूनच बाटली भरण्याआधी विहिरीभोवती एक फेरी मारावी. कठड्याला तडा आहे का? ओट्यावर सांडलेलं पाणी बाहेर जातं की केसिंग पाइपाशी, म्हणजे बोअरवेलच्या तोंडाशी बसवलेल्या नळीपाशीच मुरतं? शौचालय १० मीटरच्या आत, किंवा चढाच्या बाजूला आहे का? जागतिक आरोग्य संघटनेचे तपासणी फॉर्म अशाच हो-नाहीच्या प्रश्नांचे असतात. जितके धोके जास्त, तितके धोक्याचे गुण वाढतात. आपल्याकडे ग्रामपंचायतींना अशाच सर्वेक्षणावरून लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. सोसायटीला हे करायला इंजिनिअर लागत नाही.

टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकली की काम झालं, हाही एक समज. गढूळ पाण्यात क्लोरिन गाळावरच खर्ची पडतो; लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक राहिला तर उपयोग. काही जंतू तर त्यालाही दाद देत नाहीत. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात शुद्धीकरण केंद्रातून आलेल्या पाण्यातल्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवी जंतूमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. तो उकळल्यावर मरतो.

पुराचं पाणी कठड्यावरून आत गेलं असेल, तर आधी पूर्ण उपसा, मग क्लोरिन, मग पुन्हा तपासणी. तोवर त्या विहिरीचं पाणी फक्त फरशीला.