किल्ट आणि नेकटाय

किल्ट आणि नेकटाय : स्कॉटलंडच्या हायलँड या डोंगराळ भागातून आलेल्या हायलँड पोशाखात किल्टसोबत गळ्याला काय बांधावे, यासंबंधीचा संकेत. किल्ट म्हणजे कमरेपासून गुडघ्यापर्यंत येणारे, मागे दाट चुण्या घातलेले, टार्टन चौकड्यांच्या लोकरी कापडाचे वस्त्र. समारंभात त्यावर लांब टाय चालतो, बो टायच लागतो की लेसची झालर, हा प्रश्न स्कॉटिश लग्नाच्या तयारीत हमखास निघतो. उत्तर किल्टपाशी शोधून सापडत नाही. ते वरच्या कोटावर आणि दिवसाच्या वेळेवर ठरते. किल्ट तोच राहतो. कोट, जाकीट, कमरेपुढची स्पोरन नावाची थैली आणि गळ्याचे वस्त्र एवढे बदलले, की दुपारचा साधा पोशाख रात्रीच्या मेजवानीचा होतो.

सोळाव्या शतकातील हायलँडर एक सलग लांबरुंद लोकरी वस्त्र कमरेला पट्ट्याने आवळून नेसत आणि उरलेला भाग खांद्यावर घेत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात खालचा भाग सुटा झाला आणि आजच्या किल्टचे रूप दिसू लागले. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्ट्युअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचा, पाडाव झाला आणि त्याच वर्षी झालेल्या कायद्याने पुरुषांच्या हायलँड पोशाखावर बंदी आणली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षांसाठी समुद्रापार वसाहतीत रवानगी, अशी शिक्षा होती. बंदी १७८२ मध्ये उठली. या साऱ्या काळात किल्ट उजळ माथ्याने वावरला तो ब्रिटिश सैन्याच्या हायलँड पलटणींत, कारण सैनिकांना कायद्यातून सूट होती. किल्टवरच्या औपचारिक कोटांना चांदीची बटणे, खांद्यावरचे गोफ आणि कमरेखालच्या पाकळ्या दिसतात, त्यांचे मूळ या लष्करी गणवेशात आहे. पुढे १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला. स्वागताची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती आणि खुद्द राजाने हायलँड पोशाख केला. राणी व्हिक्टोरियाच्या काळात, स्कॉटलंडमधील तिच्या बॅल्मोरल या वाड्याच्या निमित्ताने, उमराव वर्गात किल्टची चलती झाली. शिंप्यांनी तेव्हाच्या शहरी कोटांना किल्टजोगी बेतणी दिली आणि त्या कोटांबरोबर टायही आला.

टाय ही इंग्रजी शहरांची देन, ती किल्टवर शोभत नाही, असा आक्षेप कधीकधी घेतला जातो. तो टिकत नाही. आज ज्याला औपचारिक हायलँड पोशाख म्हणतात, तो कोट-जाकिटासह बहुतांशी एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील शिंपीकामातून घडलेला आहे. त्यातला कोट आपला आणि टाय तेवढा परका, अशी वाटणी करता येत नाही.

संध्याकाळच्या समारंभात सर्वाधिक दिसतो तो ‘प्रिन्स चार्ली’ कोट. जॅकोबाइट राजपुत्र चार्ल्स एडवर्ड स्ट्युअर्ट याचे नाव त्याला मिळाले असले, तरी त्याने असा कोट कधी घातला नव्हता. या कोटाचा प्रसार विसाव्या शतकातला. हा कोट कमरेपर्यंतच आखूड, मागे दोन छोट्या शेपट्या, रेशमी कॉलर, पुढून कायम उघडा. आतले जाकीट तीन बटणांचे आणि खोल गळ्याचे. त्यामुळे छातीवर पांढऱ्या सदऱ्याचा मोठा त्रिकोण उघडा राहतो. तो तसा दिसावा म्हणूनच जाकिटाचा गळा खोल ठेवलेला असतो आणि वर कॉलरीशी काळा बो टाय शोभतो. या जाकिटावर लांब टाय बांधला, तर नेमका तोच त्रिकोण मधोमध चिरला जातो. टाय जाकिटाच्या आधाराशिवाय सैल लोंबतो आणि त्याचे टोक खाली कोंबावे लागते. जाणकार या जोडीला नाक मुरडतात त्यामागे असे दिसणारे कारण आहे, नुसता रिवाजाचा हट्ट नाही.

‘आर्गाइल’ कोटाचे गणित वेगळे. तो साध्या सुटाच्या कोटासारखाच, पण पुढून गोलाई देऊन आखूड कापलेला, म्हणजे स्पोरन झाकली जात नाही. त्याचे जाकीट पाच बटणांचे आणि उंच गळ्याचे असते. त्यात लांब टाय नीट बसतो, गाठीखालची चार बोटे दिसतात आणि बाकीचा आत दडतो. दिवसाचे लग्न, पदवीदान, सरकारी समारंभ यांना हीच जोडी योग्य. काळ्या कापडाचा, चांदीच्या बटणांचा आर्गाइल असेल, तर संध्याकाळी त्यावर बो टायही चालतो; एकच कोट घ्यायचा असेल तर म्हणूनच तो घ्यावा. ट्वीड या जाड, खरखरीत लोकरी कापडाचा आर्गाइल मात्र दिवसाचाच, आणि त्यावर लोकरीचा किंवा साधा रेशमी लांब टाय. ब्रेमार येथे सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी भरणाऱ्या हायलँड क्रीडामेळाव्यात राजे तिसरे चार्ल्स किल्ट, ट्वीडचा कोट आणि लांब टाय अशा वेषात अनेकदा दिसले आहेत.

जाकीट न घालता लांब टाय बांधताना एक अडचण येते. किल्ट पँटपेक्षा उंच, बेंबीच्या आसपास बसतो. बाजारातला टाय साधारण १४५ ते १५० सेंमी. लांबीचा असतो आणि पँटच्या पट्ट्याच्या हिशेबाने बेतलेला असतो. किल्टवर तो पट्ट्याच्या बकलाखाली उतरून स्पोरनवर लोळतो. गाठ मारताना मागचा पदर लांब सोडून पुढचा आखूड ठेवावा लागतो. जाकीट असेल तर ही यातायात वाचते.

प्रिन्स चार्ली आणि आर्गाइल या दोन्हींहून वरचा दर्जा डब्लेट नावाच्या अंगासरशी बसणाऱ्या कोटाचा. ‘मॉन्ट्रोज’ डब्लेटची कॉलर उभी असते आणि तो गळ्यापर्यंत बंद होतो. आपल्याकडच्या बंदगळ्यावर जसा टायचा विचारच कोणी करत नाही, तसेच येथे. फक्त कॉलरीपुढे लेसची पांढरी झालर सोडतात आणि बाह्यांच्या टोकांनाही लेस लावतात. ‘शेरिफम्यूर’ डब्लेटलाही लेसच शोभते. निमंत्रणपत्रिकेवर पांढऱ्या टायचा सर्वोच्च संकेत असेल, तेव्हा किल्टवाल्याने हा पोशाख करावा. पुरुष हायलँड नर्तकांच्या गळ्यातही ही झालर दिसते. प्रिन्स चार्ली कोटावर मात्र ती लावू नये, असा जुना दंडक आहे आणि तो पाळलेला बरा, कारण उघड्या रेशमी कॉलरीत लेस उपरी वाटते.

सगळा घोळ होतो तो लग्नात. स्कॉटलंडमधली लग्ने पुष्कळदा दुपारी लागतात, आणि जेवण, भाषणे व केली नावाचा नाच मध्यरात्रीपर्यंत चालतो. जुन्या नियमाने संध्याकाळी सहापूर्वी रात्रीचा पोशाख करू नये. पण वऱ्हाड दिवसात दोनदा कपडे बदलणार नाही. मग भाड्याने मिळालेला प्रिन्स चार्ली दुपारीच अंगावर चढतो. काही नवरदेव यातून मार्ग काढतात : विधीला उंच गळ्याच्या जाकिटावर लांब टाय किंवा चुण्यांचा रुंद क्रॅव्हॅट, आणि जेवणाआधी तो काढून बो टाय. ही तडजोड समंजस आहे आणि दिसतेही चांगली. बँडमधले बॅगपाइपवादक रोजच्या गणवेशात सदरा, जाकीट व लांब टाय वापरतात. दोरीने आवळायच्या गळ्याचा सैल सदरा नाचाला मोकळा पडतो. तो जुना दिसतो, पण चलन अलीकडचे आहे आणि त्याला औपचारिक मानत नाहीत.

रंगाच्या बाबतीत, किल्टच्याच टार्टनचा टाय दुकानदार आवर्जून पुढे करतात. तो टाळावा. चौकडी गळ्याशी पुन्हा आली की किल्टचा उठाव कमी होतो. टार्टनमधली एखादी बारीक रेघ हेरून त्या रंगाचा एकरंगी टाय घेतला, की दोन्ही खुलतात : ब्लॅक वॉचसारख्या गडद निळ्या-हिरव्या टार्टनवर बाटलीहिरवा किंवा गडद निळा. संध्याकाळचा बो टाय काळाच असावा, असे परंपरावादी म्हणतात. टार्टनचा बो टाय पुष्कळ ठिकाणी खपवून घेतला जातो. अंत्यविधीला आर्गाइल कोट, काळा लांब टाय आणि चामड्याची साधी स्पोरन.

किल्ट नेसण्यावर कुळाचे कायदेशीर बंधन नाही. स्कॉटलंडमध्ये स्थायिक झालेले किंवा तिथे लग्नाला गेलेले भारतीयही तो भाड्याने घेतात, आणि भाड्याच्या संचात गळ्याचे वस्त्र बहुधा सोबत येते. दुकानात कोट कोणता आहे ते आधी पाहावे, जाकिटाची बटणे मोजावीत. तीन असतील तर बो टाय मागावा, पाच असतील तर लांब टाय.