प्री-कॉपी आणि पोस्ट-कॉपी: केबल तीच, हिशोब वेगळा

रात्रीचे साडेअकरा. एका होस्टची, म्हणजे खऱ्या सर्व्हरची, रॅम बदलायची होती, म्हणून त्याच्यावरची डेटाबेसची व्हीएम (सॉफ्टवेअरने उभं केलेलं आभासी मशीन) चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर न्यायला घेतलेली. शेजारी बसलेला नवा मुलगा दर पाच सेकंदांनी ‘व्हर्श डोमजॉबइन्फो’ ही प्रगती दाखवणारी कमांड मारत होता आणि ‘मेमरी रिमेनिंग’चा, म्हणजे पाठवायच्या उरलेल्या रॅमचा, आकडा मोठ्याने वाचत होता. ५.२ जीबी. ४.९. ५.१. ५.४. “दादा, हे उलटं चाललंय,” तो म्हणाला. उलटं नव्हतं चाललं, जागच्या जागी पळत होतं. आणि तसं पळायला आम्हीच लावलं होतं: त्याच तारेवर ग्राहकांचं ट्रॅफिक होतं, म्हणून मायग्रेशनचा, म्हणजे या स्थलांतराचा, वेग अर्ध्यावर बांधून ठेवला होता. काटकसर म्हणून.

“मग पोस्ट-कॉपी करू या ना, ते फास्ट असतं,” हा त्याचा पुढचा प्रश्न. हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की एकदा नीट उलगडायलाच हवं. पोस्ट-कॉपी म्हणजे जरा वेगवान प्री-कॉपी नव्हे. दोन्ही ‘लाइव्ह’, दोन्हींत व्हीएम बंद होत नाही, दोन्हींत रॅम नेटवर्कवरून जाते, पण बँडविड्थशी, म्हणजे तारेच्या क्षमतेशी, दोघांचं नातं पार वेगळं आहे.

डिस्क सामायिक स्टोरेजवर आहे असं धरू, म्हणजे प्रवास फक्त रॅमचा. प्री-कॉपीत व्हीएम जुन्या होस्टवरच चालू राहते आणि तिची रॅम ४-४ केबीच्या पेजेसनी पलीकडे जाते. पण व्हीएम चालू आहे म्हणजे ती लिहितेय. पाठवून झालेल्या पेजवर पुन्हा लिहिलं की ते ‘डर्टी’. आमच्याकडे त्याला खरकटं पान म्हणतात. पेज म्हणजे पान, आणि पंगतीतलं पान खरकटं झालं की पुन्हा मांडावंच लागतं. पहिली फेरी सगळ्या रॅमची, दुसरी पहिल्या फेरीत खरकट्या झालेल्या पानांची, तिसरी दुसरीतल्यांची. उरलेला ढीग ठरवलेल्या थांब्यात मावेल इतका लहान झाला की व्हीएम क्षणभर थांबवायची, उरलेली पानं आणि सीपीयूची स्थिती पाठवायची आणि पलीकडे चालू करायची. क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हा थांबा मुळात ३०० मिलिसेकंद धरलेला असतो.

आता आकडे मांडून बघा, कारण मजा इथेच आहे. व्हीएमची रॅम ३२ जीबी. १० गिगाबिटच्या लिंकवर आपल्या वाट्याला सेकंदाला साधारण १ जीबी येतात. व्हीएम सेकंदाला ०.४ जीबी पानं खरकटी करते. पहिल्या फेरीला ३२ सेकंद, तेवढ्यात १२.८ जीबी खरकटे. मग ५.१, मग २, मग ०.८, मग ०.३३. सेकंदाला १ जीबी म्हणजे ३०० मिलिसेकंदांत ०.३ जीबी जातात, त्यामुळे ०.३३ थोडक्यात हुकतं आणि आणखी एक फेरी होते. एकूण सहा फेऱ्या, साधारण ५३ जीबी, ५३ सेकंद.

आता आमच्यासारखी काटकसर करा आणि वेग अर्धा करा, सेकंदाला ०.५ जीबी. वेळ दुप्पट होईल असं कोणालाही वाटेल. होतो सहापट. प्रत्येक फेरीत ढीग फक्त पाचव्या हिश्शाने कमी होतो आणि शेवटच्या थांब्यात मावणारा ढीगही आता निम्मा, ०.१५ जीबीच. सुमारे २५ फेऱ्या लागतात, तारेवरून जवळजवळ १६० जीबी जातात आणि सव्वापाच मिनिटं निघून जातात. ज्या नेटवर्कला त्रास नको म्हणून वेग बांधला, त्याच नेटवर्कवर तिप्पट माल लादला! आणि वेग ०.४ जीबीवर आणला तर मायग्रेशन संपतच नाही. हिशोब असा, की एकूण वेळ काढताना रॅमला लिंकच्या वेगाने भागायचं नसतं. लिंकच्या वेगातून खरकट्याचा वेग वजा करून जे उरतं, त्याने भागायचं.

(खऱ्या व्हीएममध्ये हा आकडा इतका शिस्तीत वागत नाही. बहुतेक प्रोग्रॅम त्याच त्या थोड्या पानांवर पुन:पुन्हा लिहितात, म्हणून ढीग एका मर्यादेपलीकडे वाढत नाही. आमचा ५ जीबीवर घुटमळत होता तो त्यामुळेच.)

ही गोष्ट नवी नाही. २००५ मध्ये केंब्रिजच्या, ‘झेन’ हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मंडळींनी लाइव्ह मायग्रेशनवर जो शोधनिबंध लिहिला, त्यात वेगाची मर्यादा एकाच आकड्यावर ठेवलेलीच नव्हती. सुरुवात सावकाश, आणि पुढच्या प्रत्येक फेरीला मागच्या फेरीत मोजलेल्या खरकट्याच्या वेगात ५० मेगाबिट मिळवायचे. पळणाऱ्याच्या पुढे थोडंसं पळायचं, बस. त्यांनी क्वेक ३ या खेळाचा चालू सर्व्हर असा हलवला आणि तो थांबला फक्त ६० मिलिसेकंद. आज मात्र आपण एक आकडा टाकतो आणि चहाला जातो.

वेग वाढवता येत नसेल तर दुसरा मार्ग व्हीएमलाच हळू करण्याचा. क्यूईएमयूचं ऑटो-कन्व्हर्ज व्हीएमच्या सीपीयूला आधी २० टक्के ब्रेक लावतं, मग १०-१० टक्क्यांनी आवळत ९९ पर्यंत नेऊ शकतं. व्हीएमवेअर कंपनीच्या व्हीमोशन या मायग्रेशनच्या सुविधेतही व्हीस्फिअर ५ या आवृत्तीपासून अशीच सोय आहे. ९९ टक्के ब्रेक लावलेल्या व्हीएमला ‘लाइव्ह’ म्हणायचं का, हे तिच्यावरच्या डेटाबेसच्या वापरकर्त्यांना विचारा.

आता पोस्ट-कॉपी. इथे क्रम उलटा: आधी सीपीयूची आणि डिव्हायसेसची स्थिती पाठवून व्हीएम लगेच पलीकडे चालू करायची, रॅम मागून येत राहील. घर बदलताना माणसं आधी नव्या घरी गेली आणि सामानाचा टेम्पो मागून येतोय, असं. संध्याकाळी पोळ्या करायला घेतल्या आणि तवा जुन्या घरीच राहिलाय. फोन करून तेवढा आधी मागवायचा आणि तो येईपर्यंत हात बांधून बसायचं. व्हीएमने न आलेल्या पानाला हात लावला की तिचा तो व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) थांबतो, पान मागवलं जातं, आलं की पुढे. २००९ मध्ये अमेरिकेतल्या बिंगहॅमटन विद्यापीठातून ही पद्धत झेनवर मांडली गेली. लिनक्सच्या केव्हीएम या व्हीएम-यंत्रणेत ती यायला २०१५ उजाडलं. लिनक्स ४.३ मध्ये यूझरफॉल्टएफडी (न आलेल्या पानाला हात लागला की प्रोग्रॅमला कळवणारी सोय) आलं आणि त्याच्या आधारावर क्यूईएमयू २.५ मध्ये पोस्ट-कॉपी.

इथे जुन्या होस्टवर कोणी लिहीतच नाही, त्यामुळे खरकट्याची भानगड संपली. प्रत्येक पान एकदाच जातं. ३२ जीबी म्हणजे ३२ जीबी. पूर्ण वेगात ३२ सेकंद, अर्ध्या वेगात ६४. साधा त्रैराशिकाचा हिशोब, आणि शेवट नक्की.

मग नेहमी हेच का वापरू नये? कारण मधली ३२ सेकंदं व्हीएम कशी चालते, हे मुख्यतः बँडविड्थवर ठरत नाही. १० गिगाबिटवर ४ केबीचं पान उतरायला साडेतीन मायक्रोसेकंदही लागत नाहीत. वेळ जातो तो मागणी जाऊन उत्तर परत येण्यात. एकाच रॅकमध्ये ही फेरी ०.२ मिलिसेकंदाची धरली, तर एकामागून एक हजार पानं अडली तरी ०.२ सेकंदच गेला. दोन शहरांमध्ये तीच फेरी २० मिलिसेकंदांची झाली की हजार पानांना २० सेकंद. लिंक १०० गिगाबिटची केली तरी २० सेकंद ते २०च. प्री-कॉपीला तारेची रुंदी लागते, पोस्ट-कॉपीला जवळीक. लांबच्या साइटवर ‘बँडविड्थ भरपूर आहे, पोस्ट-कॉपी करू’ म्हणणाऱ्याने हा हिशोब केलेला नसतो.

त्यातही एक खोच आहे. व्हीएमला १ जीबीची ह्यूजपेजेस दिली असतील तर पान म्हणजे ते अख्खं १ जीबी. एका बाइटला हात लावला तरी १० गिगाबिटवर जवळजवळ सेकंदभर व्हीसीपीयू ताटकळतो. इथे मात्र बँडविड्थ पुन्हा मोलाची होते.

धोकाही वेगळा. प्री-कॉपीत मध्येच नेटवर्क गेलं तर जुनी व्हीएम मुकाट चालूच राहते, फक्त रात्र वाया जाते. पोस्ट-कॉपीत त्या क्षणी व्हीएमची रॅम दोन होस्टवर वाटली गेलेली असते. नेटवर्क गेलं तर व्हीएम गोठते. नव्या क्यूईएमयूमध्ये तार परत जोडून पुढे सुरू करता येतं, पण दोनांपैकी एक होस्टच कोसळला तर व्हीएम गेली, मागे फिरायला जागा नाही.

आणखी एक गोष्ट, जी अनेकांना ठाऊक नसते. प्री-कॉपीला बांधलेली वेगमर्यादा पोस्ट-कॉपीला लागू होत नाही. तिथल्या मागच्या प्रवाहासाठी वेगळी सेटिंग आहे आणि ती मुळात शून्य, म्हणजे अमर्याद. शेजारच्या ट्रॅफिकची काळजी घेऊन बांधलेला आकडा पोस्ट-कॉपीकडे वळताच गळून पडतो.

माझी पद्धत दोन्हींच्या मधली. सुरुवात प्री-कॉपीने करायची, वेग शक्यतो मोकळा ठेवायचा, पण सुरू करतानाच ‘पोस्टकॉपी’चा पर्याय देऊन ठेवायचा. एक-दोन फेऱ्यांत बहुतेक रॅम पोचते. तरी आकडा घुटमळायला लागला तर ‘व्हर्श मायग्रेट-पोस्टकॉपी’. तोवर मागून यायची राहिलेली पानं थोडीच असतात, त्यामुळे ताटकळणंही थोडं. डेटाबेस फार नाजूक असेल किंवा दुसरी साइट लांब असेल, तर मी तेही करत नाही; पहाटे तीनची वेळ मागून घेतो, तेव्हा मुळात पानंच कमी खरकटी होतात.

त्या रात्री ‘पोस्टकॉपी’ सुरुवातीला दिलाच नव्हता, त्यामुळे मुलाने सुचवलेला मार्ग बंदच होता. नेटवर्कवाल्याला फोन करून दोन मिनिटं लिंक मोकळी मागितली आणि ‘व्हर्श मायग्रेट-सेटस्पीड’ने मर्यादा उचलली. मुलाने ३.१ वाचलं, मग ०.९, आणि तिसरा आकडा वाचायच्या आत काम संपलं होतं.