गोडेसबर्ग कार्यक्रम

जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने (एसपीडी) नोव्हेंबर १९५९ मध्ये, बॉनजवळच्या बाड गोडेसबर्ग येथील खास अधिवेशनात मंजूर केलेला मूलभूत कार्यक्रम. १९२५ च्या हायडेलबर्ग कार्यक्रमाची जागा त्याने घेतली. कामगारवर्गाचा पक्ष आता जनतेचा पक्ष झाला आहे, असे एसपीडीने त्यात जाहीर केले.

१९५७ च्या निवडणुकीत तत्कालीन चान्सलर (सरकारप्रमुख) कोनराड आडेनाउअर यांच्या ख्रिस्ती लोकशाही आघाडीला ५०.२ टक्के मते मिळाली, एसपीडीला ३१.८. युद्धानंतरच्या भरभराटीत कामगारांची मिळकत वाढत होती. भांडवलशाही कोसळणार हे जुने भाकीत त्यांच्या गळी उतरेना. पण या बदलाला निव्वळ मतांचे गणित म्हणणे अन्यायाचे ठरेल. सोव्हिएत ताब्यातील पूर्व भागात १९४६ मध्ये एसपीडीला कम्युनिस्ट पक्षाशी एक होणे भाग पाडले गेले होते. सगळी सत्ता एका पक्षाच्या हाती गेली की काय होते, हे सीमेपलीकडे रोज दिसत होते.

कार्यक्रमाची सुरुवात वर्गसंघर्षाने होत नाही, अणूने होते: माणसाने अणूची आदिम शक्ती मोकळी केली आणि आता तोच तिच्या परिणामांना भितो आहे. मार्क्सचे नाव मजकुरात कुठेच नाही. लोकशाही समाजवादाची मुळे ख्रिस्ती नीती, मानवतावाद आणि अभिजात तत्त्वज्ञान यांत सांगितली आहेत. अर्थकारणासाठी पक्षाचे अर्थतज्ज्ञ कार्ल शिलर यांचे सूत्र स्वीकारले: ‘शक्य तितकी स्पर्धा, गरजेपुरते नियोजन’. उत्पादनसाधनांच्या खाजगी मालकीला संरक्षण दिले, मात्र न्याय्य समाजरचनेच्या आड ती येत नाही तोवरच. या ‘तोवरच’कडे दुर्लक्ष करून चालत नाही. सार्वजनिक मालकीचा मार्ग पक्षाने मोकळा ठेवला होता आणि उद्योगांच्या कारभारात कामगारांना वाटा हवा, ही मागणीही सोडली नव्हती.

मार्क्सवादी प्राध्यापक वोल्फगांग आबेंडरोट यांनी पर्यायी मसुदा मांडला होता. एके काळी स्वतः कम्युनिस्ट असलेले एसपीडी नेते हर्बर्ट वेहनर यांनी अधिवेशनात ‘पोळलेल्या माणसाचे ऐका’ अशी कळकळीची विनवणी केली. ३२४ विरुद्ध १६ मतांनी कार्यक्रम मंजूर झाला. त्याच महिन्यात ब्रिटनमध्ये मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल यांनी पक्षाच्या घटनेतील सार्वजनिक मालकीचे चौथे कलम बदलण्याचा प्रस्ताव मांडला, पण त्यांना माघार घ्यावी लागली; ते कलम १९९५ मध्ये बदलले.

एसपीडीची मते १९६१ मध्ये ३६.२, तर १९६९ मध्ये ४२.७ टक्क्यांवर गेली आणि विली ब्रांट चान्सलर झाले. १९८९ मध्ये बर्लिन कार्यक्रमाने गोडेसबर्गची जागा घेतली. एसपीडीचे चान्सलर गेरहार्ड श्र्योडर यांच्या २००३ च्या ‘अजेंडा २०१०’ची (रोजगार आणि समाजकल्याण व्यवस्थेतील सुधारणांची) गोडेसबर्गशी केली जाणारी तुलना पटत नाही: ‘अजेंडा’ची घोषणा आधी संसदेत झाली, पक्षाची संमती मागाहून घेतली गेली.