इटलीत अल्पमुदतीचा कला-अभ्यासक्रम: व्हिसाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

रावेन्नामध्ये आठवडाभर मोझॅक, फाएन्झामध्ये पंधरा दिवस सिरॅमिक, फ्लॉरेन्समध्ये महिनाभर रेखाटन किंवा पुस्तकबांधणी. असे छोटे अभ्यासक्रम कला शाखेचे विद्यार्थी, शाळेतले कलाशिक्षक, व्यावसायिक डिझायनर आणि नोकरी सांभाळून कला शिकणारे, सगळ्यांनाच करता येतात. वयाची किंवा पदवीची अट बहुतेक ठिकाणी नसते. अडतं ते व्हिसाच्या फाइलपाशी. तिथं कागद कमी पडतात असं फारसं होत नाही. एका कागदावरची माहिती दुसऱ्याशी जुळत नाही, हे मात्र वारंवार होतं. त्यामुळे कोणता कागद लागतो याबरोबरच तो कोणत्या क्रमानं मिळवायचा, हेही इथं दिलं आहे.

कोणता व्हिसा?

मुक्काम ९० दिवसांपर्यंत असेल तर शेंगेनचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) अल्पमुदतीचा, म्हणजे ‘सी’ प्रकारचा व्हिसा. कोणत्याही १८० दिवसांत सगळ्या शेंगेन देशांत मिळून ९० दिवस राहता येतं. पोहोचण्याचा आणि निघण्याचा दिवसही त्यात मोजला जातो. ९१ वा दिवस आला की विषय बदलतो: ‘डी’ प्रकारचा राष्ट्रीय व्हिसा लागतो आणि इटलीत उतरल्यावर कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाला पुढे-मागे फिरण्याचे दिवस जोडताना ही हद्द नकळत ओलांडली जाते. तारखा ठरवतानाच बोटांवर मोजून बघा.

अर्जात ‘प्रवासाचा उद्देश’ या रकान्यात पर्यटन, सांस्कृतिक, शिक्षण असे पर्याय असतात. दहा दिवसांच्या सहलीत एखाद्या दुपारची कुंभारकामाची कार्यशाळा असेल तर ती सहलच, पर्यटन लिहा. पण रोज वर्गात बसायचं असेल, मुक्कामाचं मुख्य कारण अभ्यासक्रमच असेल, तर ‘शिक्षण’ हाच पर्याय. पर्यटन व्हिसा सोपा म्हणून तोच टाका, असा सल्ला काही एजंट देतात. तो ऐकू नका. फाइलमध्ये इटलीतल्या शाळेचं पत्र आहे आणि रकान्यात पर्यटन आहे, हे पाहिलं की अधिकाऱ्याला उद्देशाबद्दलच शंका येते. ‘मुक्कामाचा उद्देश आणि परिस्थिती पुरेशी स्पष्ट केलेली नाही’ हे नकाराच्या छापील कारणांतलं एक कारण आहे, आणि ते अशा फाइलला लागू पडतं. शाळेचं पत्र लपवून पर्यटन लिहिणं तर त्याहून वाईट. सीमेवर अधिकाऱ्यानं चौकशी केली की उत्तर देता येत नाही.

एकाच फेरीत पॅरिसला चार दिवस संग्रहालयं आणि रावेन्नाला चौदा दिवस वर्ग असतील तर अर्ज इटलीकडे. जिथं मुक्काम सर्वांत जास्त किंवा जिथं प्रवासाचा मुख्य उद्देश आहे, तो देश व्हिसा देतो. तसा एकही देश वेगळा काढता येत नसेल, तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा. लंडन या व्हिसात येत नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा वेगळा काढावा लागतो; त्यावर मान्यताप्राप्त संस्थेत सहा महिन्यांपर्यंत शिकता येतं.

शाळेचं पत्र आधी, बाकी सगळं नंतर

सगळी फाइल प्रवेशपत्रावर, म्हणजे प्रवेश दिल्याच्या शाळेच्या पत्रावर, उभी असते, म्हणून सुरुवात तिथून करायची. शाळा नुसता ‘तुमची जागा राखून ठेवली आहे’ असा ईमेल पाठवते; तो पुरत नाही. लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह पत्र मागून घ्या. त्यात पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, अभ्यासक्रमाचं नाव, सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख, आठवड्याचे तास, वर्गाचा पत्ता, एकूण फी, भरलेली रक्कम आणि संपर्कासाठी व्यक्तीचं नाव हवं. नावाची गडबड आपल्याकडे नेहमीची. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे आहे आणि शाळेच्या फॉर्मवर नुसतं नाव-आडनाव भरलं, तर पत्रही तसंच येतं. लग्नानंतर आडनाव बदललं पण पासपोर्ट जुना, हा दुसरा प्रकार. पत्र हातात आल्यावर नाव अक्षरन् अक्षर ताडून बघा आणि लगेच दुरुस्त करून घ्या.

फी भरण्याआधी शाळेला एक प्रश्न लेखी विचारा: व्हिसा नाकारला तर किती रक्कम परत मिळेल, आणि त्यासाठी काय दाखवावं लागेल? बऱ्याच छोट्या कार्यशाळा आगाऊ रक्कम परत करत नाहीत, पण पुढच्या तुकडीत जागा देतात. हे आधी माहीत असलेलं बरं.

फी बँकेतून पाठवताना पॅन, ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), शाळेचं बिल आणि शाळेचं खातं व बँक ओळखणारे आयबॅन व बीआयसी क्रमांक लागतात. पैसे कशासाठी पाठवले हे सांगणारा ‘पर्पज कोड’ शिक्षणासाठी एस०३०५ आहे. बँकेतला माणूस सवयीनं पर्यटनाचा कोड टाकतो, तेव्हा फॉर्म स्वतः वाचा. मधल्या बँका काही युरो कापून घेतात. मग शाळेकडे रक्कम कमी पोहोचते, हिशेबात बाकी दिसते आणि पत्र अडकून राहतं. म्हणून सगळे आकार पाठवणाऱ्यानं भरायचे, हा पर्याय निवडा आणि स्विफ्टची प्रत (पैसे पाठवल्याचा बँकेचा पुरावा) फाइलला लावा.

टीसीएसचं, म्हणजे पैसे घेतानाच बँक किंवा आयोजक कापून घेतो त्या कराचं, गणितही इथंच समजून घ्या. परदेशी पाठवलेल्या पैशांवर एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस लागत नाही (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची). पण भारतातल्या आयोजकानं तिकीट, हॉटेल आणि वर्ग एकत्र करून ‘आर्ट टूर’ म्हणून विकलं, तर ते परदेशी सहलीचं पॅकेज ठरतं आणि टीसीएस पहिल्या रुपयापासून कापला जातो. तो बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो. पण तोवर तेवढी रक्कम अडकते. पॅकेजची किंमत आणि स्वतः केलेला खर्च यांची तुलना करताना हे धरा.

कागदपत्रं

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, शेंगेनमधून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. फोटो ३५ × ४५ मिलिमीटर, अलीकडचा. भरलेला आणि सही केलेला अर्ज. प्रवास-आरोग्य विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा, त्यात आजारी पडल्यास मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला. विम्याच्या तारखा विमान उतरण्याच्या दिवसापासून निघण्याच्या दिवसापर्यंत हव्यात; अभ्यासक्रमाच्या तारखांपुरता विमा काढला की आधीचे-नंतरचे दोन दिवस उघडे पडतात. विमानाचं आरक्षण पुरतं. व्हिसा हातात येईपर्यंत परत न होणारं तिकीट काढू नका.

मुक्कामाचा पुरावा प्रत्येक रात्रीचा लागतो. शाळा राहण्याची सोय करत असेल तर ते पत्रात लिहून घ्या. वर्ग सोमवारी सुरू आणि तुम्ही शनिवारी पोहोचणार, तर त्या दोन रात्रींचं हॉटेलही दाखवायला हवं. हीच जागा बहुतेक फाइलींत रिकामी सापडते.

पैशांचा पुरावा जरा सविस्तर बघू. इटलीत येणाऱ्या परदेशी माणसाकडे किमान किती रक्कम असावी, याचा तक्ता तिथल्या गृहमंत्रालयानं २००० साली ठरवला आहे. एकट्या प्रवाशाला ११ ते २० दिवसांसाठी ५१.६४ युरो ठोक आणि वर रोजचे ३६.६७ युरो, २० दिवसांपुढे २०६.५८ युरो ठोक आणि रोजचे २७.८९. म्हणजे १५ दिवसांना ६०१.६९ युरो, २५ दिवसांना ९०३.८३ युरो. ही झाली कायद्यातली किमान रक्कम. प्रत्यक्षात खोलीभाडं, जेवण, स्थानिक प्रवास आणि उरलेली फी धरून खर्चाचा अंदाज कव्हर लेटरमध्ये (अर्जासोबतच्या तुमच्या पत्रात) मांडा आणि खात्यात त्याहून आरामात जास्त शिल्लक असू द्या. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट शिक्क्यासह घ्या. अर्जाच्या आठवडाभर आधी काकांनी दोन लाख टाकले आणि त्याआधी शिल्लक आठ हजार, असं खातं अधिकाऱ्याच्या डोळ्यात लगेच भरतं. मोठी रक्कम खरोखरच आली असेल, मुदतठेव मोडली किंवा जमीन विकली असेल, तर त्याचा कागद जोडा आणि पत्रात एक ओळ लिहा.

पुढचे कागद माणसागणिक बदलतात. विद्यार्थ्यानं कॉलेजचं बोनाफाइड आणि सुट्टी मान्य असल्याचं पत्र द्यावं; खर्च आईवडील करणार असतील तर त्यांचं हमीपत्र, आयटीआर, बँक स्टेटमेंट आणि नातं दाखवणारा जन्मदाखला. नोकरदारानं रजेच्या तारखांसह एनओसी (ना-हरकत पत्र) आणि पगाराच्या पावत्या. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या कलाशिक्षकांना परदेशवारीसाठी विभागाची परवानगी लागते आणि ती फाइल टेबलाटेबलांवर फिरते. प्रवेशपत्र येताच तो अर्ज टाका. फ्रीलान्स चित्रकार-डिझायनरांकडे पगाराची पावती नसते. त्यांनी दोन-तीन वर्षांचे आयटीआर, ग्राहकांची बिलं, असल्यास जीएसटी नोंदणी आणि चार-सहा कामांचे छापील फोटो द्यावेत. फोटो कुणी मागत नाही, तरीही लावा, कारण ‘हा माणूस हेच काम करतो’ हे त्यातून एका नजरेत कळतं. घरचं उत्पन्न शेतीचं असेल तर सातबारा आणि बाजार समितीच्या पट्ट्या चालतात, पण मराठीतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर जोडायला हवं.

१८ वर्षांखालच्या विद्यार्थ्यासाठी आई आणि वडील दोघांचं संमतीपत्र लागतं, शिवाय दोघांच्या पासपोर्टच्या प्रती.

कव्हर लेटर एक पानाचं पुरे. काय शिकणार, तिथंच का, ते परत येऊन कुठं वापरणार, खर्च कोण करणार, परतीची तारीख कोणती. ‘तिथंच का’ला खरं उत्तर द्या. रावेन्नात पाचव्या-सहाव्या शतकातली मोझॅक मूळ भिंतींवर बघता येतात आणि वर्गात तीच हातोडी-छिन्नीची काच फोडण्याची पद्धत शिकवतात. फाएन्झाला १९०८ पासूनचं सिरॅमिकचं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. ‘मला लहानपणापासून कलेची आवड’ या वाक्यापेक्षा असं एक वाक्य जास्त काम करतं. आयटीत नोकरी करणाऱ्यानं सिरॅमिकच्या वर्गाला अर्ज केला तर हा परिच्छेद आणखी महत्त्वाचा.

अर्ज, फी आणि वेळ

महाराष्ट्र आणि गोव्याचे रहिवासी मुंबईतल्या इटलीच्या महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी कंपनीच्या केंद्रात जमा होतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. एप्रिल-मे मध्ये अपॉइंटमेंट मिळणंच कठीण, म्हणून जूनच्या वर्गासाठी प्रवेशपत्र फेब्रुवारीत आणि अपॉइंटमेंट मार्चमध्ये धरा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. एकदा दिलेले ठसे ५९ महिने चालतात.

व्हिसा फी ११ जून २०२४ पासून ९० युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ४५. आता एक तरतूद, जी फार कमी जणांना माहीत असते: शिक्षणासाठी जाणारे शाळा-कॉलेजचे विद्यार्थी, पदव्युत्तर विद्यार्थी आणि त्यांच्यासोबतचे शिक्षक यांना शेंगेन व्हिसा संहितेत फी माफ आहे. कॉलेजचं ओळखपत्र, बोनाफाइड आणि प्रवेशपत्र दाखवून काउंटरवर स्पष्टपणे मागा. व्हीएफएसचं सेवाशुल्क मात्र भरावं लागतं. रकान्यात पर्यटन लिहिलं असेल तर ही माफी गेलीच.

नकार आला तर फी परत मिळत नाही. नकारपत्रावर कारणाच्या चौकटीत खूण असते. इटलीच्या निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत रोमच्या प्रशासकीय न्यायालयात दाद मागता येते, पण पंधरा दिवसांच्या वर्गासाठी तो मार्ग वेळेत बसत नाही. ज्या कारणावर खूण आहे तेवढा भाग पक्का करून नवा अर्ज करणं जास्त उपयोगी, आणि त्यात आधीचा नकार लपवायचा नाही.

तिथं पोहोचल्यावर

व्हिसाच्या स्टिकरवर वैधतेच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस वेगवेगळे लिहिलेले असतात. वैधता ३५ दिवसांची आणि मुक्काम २० दिवसांचा असेल तर २० दिवसच राहायचं. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर टप्प्याटप्प्यानं डिजिटल नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जादा राहिलेला एक दिवसही यंत्रणेत दिसतो. प्रवेशपत्र, विमा आणि मुक्कामाचा पत्ता यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा.

फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेलात तर शेंगेनचा प्रवेश तिथंच नोंदला जातो. अशा वेळी इटलीत आल्यापासून आठ दिवसांत पोलिसांकडे उपस्थिती कळवायची असते. हॉटेलात उतरल्यास तिथं सही केलेली नोंदच त्यासाठी धरली जाते, तिची प्रत मागून घ्या. खासगी खोलीत राहत असाल तर घरमालकाला पहिल्याच दिवशी विचारा.

सामानाचं थोडक्यात: टर्पेंटाइन आणि फिक्सेटिव्हचा (रेखाटन पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रे कोणत्याही बॅगेत चालत नाही, तिथंच विकत घ्या. कटर, छिन्नी, लिनोची हत्यारं चेक-इन सामानात. तेलरंगाच्या ट्यूबांसोबत उत्पादकाचं सुरक्षा माहितीपत्रक ठेवा, नाहीतर तपासणीत काढून घेतात. मोझॅकचा फलक सिमेंटवर बसवला की जड होतो. परतीचं वजन लक्षात घेऊन सिमेंटऐवजी हलक्या आधारावर काम करता येईल का, हे पहिल्याच दिवशी शिक्षकांना विचारा. १५ ऑगस्टच्या आसपास इटलीत बऱ्याच कार्यशाळा आणि साहित्याची दुकानं बंद असतात, तो आठवडा टाळा.

अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र, बोर्डिंग पास आणि फीच्या पावत्या परतल्यावर जपून ठेवा. १८ एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी लागू झालेल्या नियमानुसार, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नीट वापरलेल्यांना दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरेशी असल्यास पाच वर्षांचा. दरवर्षी एकेक छोटा वर्ग करत पुढे जायचं असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या अर्जाला हेच जपलेले कागद कामाला येतात.